खरं वागण्याचा कोर्स

आमचा पुतण्या मुंबईत अभिनय शिकतो. कोर्स दोन वर्षांचा आहे आणि त्यात खरं वागायला शिकवतात, हे कळल्यावर आमच्या जबलपूरच्या घरात थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग अण्णांनी विचारलं, "खरं वागायला फी?" अण्णा व्हेईकल फॅक्टरीतून रिटायर झालेले. तिथे दोन वर्षांत पोरगा लेथवर तयार होतो, आणि लेथ निदान डोळ्यांना दिसतो.

पुतण्याने गुरुपरंपरा सांगितली. मूळ पुरुष सॅनफर्ड माइस्नर. जन्म 1905 चा, आधी पियानो शिकले, 1931 साली न्यूयॉर्कला ग्रुप थिएटर निघालं त्यात सामील झाले आणि मग नेबरहुड प्लेहाऊसमध्ये कित्येक दशकं शिकवत राहिले. ग्रेगरी पेक, रॉबर्ट डुव्हाल हे त्यांचेच चेले. त्यांचं सांगणं असं, की प्रसंग कल्पनेतला असेना, त्यात जगायचं मात्र खरं. काय करायचं ते घरून ठरवून यायचं नाही. समोरच्याकडे बघायचं आणि आतून येईल ते करायचं. चांगला नट व्हायला वीस वर्षं लागतात, असंही ते म्हणायचे.

"वीस वर्षांत आमच्याकडे माणूस पेन्शनीचा हिशोब करायला लागतो," अण्णा म्हणाले.

मी रघुवीर यादवांचं नाव पुढे केलं. जबलपूरचेच ते. घरातून पळाले, पारसी नाटक कंपनीबरोबर वर्षानुवर्षं गावोगाव हिंडले, मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले, आणि तेव्हा कुठे 1985 चा 'मॅसी साहब' आला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पळून जाणं त्यांनी फुकटात केलं," एवढंच म्हणाले.

सुट्टीत पुतण्या घरी आला तो रियाजासकट. पहिल्या वर्षाचा मुख्य रियाज म्हणजे रिपिटिशन. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने दुसऱ्यात काय दिसतंय ते बोलायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. शब्द तेच राहतात. सूर आपोआप बदलेपर्यंत थांबायचं नाही. जोडीदार म्हणून मला बसवलं.

"काका, तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय."

"माझ्या शर्टाचं बटण तुटलंय."

"तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय."

हे बराच वेळ चाललं. शेजारचे शर्माजी पेपर मागायला आले, दारातच थबकले आणि "क्या हुआ बड्डे, तबियत ठीक है ना?" विचारून पेपर न घेताच परत फिरले. आतून बायको ओरडली, "अहो, तुटलंय तर टाकून द्या इकडे, लावून देते!" माझा सूर काही बदलला नाही. मी आपला नम्रपणे, गणपतीच्या आरतीला टाळी वाजवावी तसा, साथ देत होतो.

पुढचा धडा वेगळा. एकाने काहीतरी खरंच अवघड काम जिवाच्या आकांताने करत बसायचं, आणि दुसऱ्याने दारातून आत यायचं. फुटलेला कप जोडणं हे त्यातलं पेटंट काम. कप खरा फुटलेला हवा. पुतण्याने शोकेस उघडलं आणि बायकोच्या लग्नातल्या टी-सेटमधला एक कप कलेला अर्पण केला. फरशीवर तुकडे मांडून, बोटांना फेव्हिक्विक चिकटवून तो कान जोडत असताना बायको भाजीची पिशवी घेऊन आत आली.

पिशवी खाली गेली. दोन टोमॅटो कॉटखाली. ती बोलली काहीच नाही. नुसती त्या कानाकडे बघत राहिली.

"काकू, तू चिडलीस," पुतण्या पुटपुटला.

"मी चिडले?"

"तू चिडलीस."

"मी चिडले! हो, मी चिडले!" आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

पुतण्या थरारून उठला. वर्गात वर्षभर जे जमलं नव्हतं, ते काकूने भाजी आणता आणता करून दाखवलं होतं. अण्णांनी लगेच फी परत मागायची सूचना केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुतण्याने काकूला तेच पुन्हा करायची विनंती केली. तेच दार, तीच पिशवी, तेच तुकडे. ती आत आली, पदर सारखा केला, "अगं बाई, कप फुटला का?" म्हणाली आणि खुदकन हसली. परत केलं, तर जास्तच हसली. तेव्हा मला कोर्सचा हिशोब लागला. खरं वागणं एकदा कोणालाही जमतं, त्याला कप पुरतो. पण आमच्या 'तरंग' प्रेक्षागृहात नाटक लागलं, तिकिटं खपली, की रोज ठरल्या वेळी, ठरल्या वाक्याला, जणू आत्ताच फुटलाय असा तो कप बघायचा. दोन वर्षं त्याची, आणि पुढची अठराही त्याचीच.

हे मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांना पटल्यासारखं दिसलं. निदान फीबद्दल ते बोलले नाहीत. पुतण्या मात्र पुन्हा शोकेसकडे वळला होता. बायकोने किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी तुझा मोबाईल फोडू. आतून काय येतं ते बघू."