कॅबिनेटसोबत एसएमपीएस फ्री

साठ हजार हा आकडा आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, तेव्हा बायकोनं उठून आधी समोरच्या दाराला कडी लावली. शेजारी बापूराव राहतात. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत दुल्हा गेटाबाहेर पडते आणि रात्रीच्या जेवणाआधी परतवाड्याला पोचते. इमादशाहीत आमचं अचलपूर वऱ्हाडची राजधानी होतं, तेव्हा हे काम पगारी खबऱ्यांकडे असेल. आता ते हौसेवर चालतं.

मागणी सोनूची होती. सोनू आमचा धाकटा. परतवाड्यातल्या फोटो स्टुडिओंसाठी तो लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. त्याचा जुना संगणक इतका थकला होता की नवरदेव रिकिबीत एक पाय टाकायचा आणि तिथंच अडकायचा. सोनू चहा पिऊन आला तरी दुसरा पाय जमिनीवरच. एका नवरीचे वडील तर लग्नाचा पेन ड्राइव्ह मागायला आले ते नातवाच्या बारशाचे पेढे घेऊनच.

"असेंबल करून घेऊ," सोनू म्हणाला. कंपनीचा तयार संगणक घेतला की आत काय आहे ते कंपनीला ठाऊक असतं. असेंबल केला की सगळ्या गल्लीला. कडीचा काहीच उपयोग झाला नाही. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकानं आपट्याच्या पानासोबत एकेक सल्लाही हातावर ठेवला.

बहुतेक सल्ले आय-सेवन प्रोसेसरचे होते. "घ्यायचाच तं आय-सेवन घ्या, आय-फाइव्ह कायले?" मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण सातापेक्षा पाच मोठा कसा, हे समजावायची वेळ निवृत्तीनंतर आली. आय-सेवन म्हणजे हुशार आणि आय-फाइव्ह म्हणजे जेमतेम पास, अशी लोकांची ठाम समजूत. खरी मेख त्यापुढच्या आकड्यात असते. सोनूच्या यादीत आय-फाइव्ह १२४०० होता. त्यातले पहिले दोन अंक म्हणजे बारावी पिढी. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या या पाचात सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. बापूरावांचा पुतण्या ज्या आय-सेवनचा तोरा मिरवतो तो २०१३ सालचा, चौथ्या पिढीचा, चार कोअरचा. हे मी बापूरावांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे आमचा पोरगा चौथीत अन् तुमचा बारावीत." इतका नेमका सारांश मला वर्गात कधी जमला नव्हता.

त्यातही एक पोटभेद निघाला. १२४०० च्या शेपटाला 'एफ' लावलेला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्याच्या पोटात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावलं नाही तर पडदा काळाच्या काळा. खेळ खेळणारी मुलं एफ घेतात, कारण कार्ड त्यांना घ्यायचंच असतं. एडिटिंग करणाऱ्याला मात्र पोटातलं हे छोटं ग्राफिक्स फार कामाला येतं, कारण हल्लीच्या कॅमेऱ्यांचं दाबून भरलेलं शूटिंग उलगडायचं काम ते परस्पर करतं. सोनूनं एफ खोडला. बायकोला तेवढंच दिसलं की स्वस्त वस्तू खोडून महाग लिहिली. पुढं चार दिवस तिनं 'एफ' हा शब्द स्वयंपाकघरातून मोठ्यानं उच्चारला.

पुण्याचा मामा, म्हणजे माझा साळा, फोनवरून सामील झाला. तो हिंजवडीत असतो आणि तिथूनच आम्हाला भविष्य दाखवतो. त्याच्या मते डीडीआर-फोर रॅम घेणं म्हणजे मागासलेपणा, सगळं 'फ्यूचर प्रूफ' हवं, आणि प्रोसेसर थंड ठेवायला पाण्याचा लिक्विड कूलर. त्याच्या प्रोसेसरचं तापमान पासष्टाच्या वर जात नाही, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. मी विचारलं, खोलीत किती? म्हणाला, पंचवीस, एसी आहे ना. आता पंखा लावा की पाणी फिरवा, दोघांनाही शेवटी उष्णता खोलीतल्याच हवेत टाकावी लागते. खोली पंचविसाला असताना जो प्रोसेसर पासष्ट दाखवतो, तोच आमच्या माडीवर मे महिन्यात, खोली बेचाळिसावर असताना, ऐंशीच्या पुढं जाणार. शंभराला तो स्वतःच काम मंद करून जीव वाचवतो. वऱ्हाडातली माणसंही मे महिन्यात दुपारी हेच करतात, त्यांना मात्र लोक आळशी म्हणतात.

जुनी हार्ड डिस्क नव्या संगणकात लावून पैसे वाचवावेत, ही सूचना माझीच. सोनूनं शकुंतला रेल्वेची आठवण काढली. मूर्तिजापूर ते अचलपूर, अडीच फुटांच्या रुळांवरून सुमारे ७६ किलोमीटर. १९९४ साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, रूळ मात्र तेच राहिले. गाडीला चार तास लागायचे ते लागतच राहिले. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला दीडेकशे एमबी देते, नवी एनव्हीएमई डिस्क तीन हजारांच्या वर. प्रोसेसर बारावीतला असो नाही तर कॉलेजातला, माल त्याच रुळावरून यायचा. मी सूचना मागे घेतली. शकुंतलेतून प्रवास केलेल्या माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही.

इथपर्यंत हिशेब बसत होता. मग रॅम उधळली. दसऱ्याला यादीत रॅमपुढं जो आकडा होता तो डिसेंबरात दुपटीच्या वर गेला. जगभर एआयची मोठमोठी डेटा सेंटरं उभी राहताहेत, त्यांना मेमरी पुरेना. ती बनवणारे मुख्य कारखानदार तीनच: कोरियाचे सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेचं मायक्रॉन. त्यातल्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशिअल' हा किरकोळ गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्यासारखा दोन पट्ट्या मागणारा माणूस त्यांच्या दारात उभा आहे की नाही, हेही कुणी पाहीना.

बापूरावांना हा प्रकार भारी आवडला. कुठल्याही मालाचा भाव वाढला की त्यांना बरं वाटतं, मग माल कुणाचाही असो.

"हे रॅमचं पीक कोठी होते, मास्तर?"

"कोरियात."

"तिकडं अवकाळी झाला काय?"

"अवकाळी नाही. व्यापाऱ्यांनी सगळा माल आधीच उचलला."

"मंग सरकार काय करून रायलं? आमच्या कापसाले जरासा भाव येते म्हटलं, तं ऑगस्टात अकरा टक्के आयात शुल्क काढून टाकलं अन् बाहेरून गाठी आनल्या. रॅम काहून नाई आनत बाहेरून?"

"ती बाहेरूनच येते, बापूराव."

ते बराच वेळ गप्प बसले. सगळंच बाहेरून येतं आणि तरीही भाव वाढतो, असा माल त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मग हिशेबाला लागले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. दुकानदारानं सोळा जीबीचा जो भाव सांगितला तो साधारण तेवढाच. म्हणजे एक क्विंटल कापूस बरोबर सोळा जीबी. सोनूच्या खिशात मावतील अशा दोन पट्ट्या. "अन् याच्यात ओलावा मोजत नाईत?" त्यांनी विचारलं. खरेदी केंद्रावर बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की गाडी परत फिरवतात, हे त्यांचं जुनं दुखणं. नाही मोजत म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला.

बायकोचीही एक आशा होती. सप्टेंबरात जीएसटी कमी झाल्याचं तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. चौकशी केली तर कमी झाला तो मोठ्या टीव्हीचाच, अठ्ठाविसाचा अठरा. संगणकाचे पार्ट आधीच अठरावर होते, ते तिथंच राहिले. "मंग टीव्हीच घ्या," ती म्हणाली. घरात पैसा निघाला की त्यावर पहिला हक्क ज्यानं कमी मागितलं त्याचा, हे तिचं तत्त्व आहे.

शेवटी ग्राफिक्स कार्ड यादीतून गेलं. पोटातलं ग्राफिक्स सध्या काम भागवेल, कार्डाची जागा मदरबोर्डवर रिकामी राहील, दोन लग्नसराया झाल्या की बघू. मामानं हे ऐकून फोनवर असा आवाज काढला की बायकोला वाटलं त्याच्याकडं कुणी गेलं.

परतवाड्याच्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा दुकानदार भाऊंनी आधी काचेचं कॅबिनेट दाखवलं. पुढून काच, बाजूनं काच, आत तीन पंखे, तिन्ही रंग बदलणारे. दुकानातला दिवा घालवून त्यांनी ते चालू केलं. बहिरमच्या जत्रेतला पाळणा रात्री दिसतो तसं ते दिसत होतं. "अन् याच्यासोबत पाचशे वॅटचा एसएमपीएस फ्री," भाऊ म्हणाले.

फ्री शब्दाला बायकोची मान हलली. मी तो एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटी, हातात घेतला. रिकाम्या टिफिनइतका हलका. विजेचं काम केलेली जुनी माणसं वस्तू आधी हातात तोलून बघतात, आणि त्यात अंधश्रद्धा काही नाही. उष्णता वाहून नेणारी ॲल्युमिनियमची पट्टी, तांब्याची गुंडाळी, मोठे कपॅसिटर, यांना वजन असतं. मागं लाल रंगाची छोटी खटकी होती, ११५ आणि २३० अशी. ती चुकून ११५ वर सरकली आणि आपली वीज लागली तर आवाज होतो, आणि आवाजानंतर वास येतो. बरे एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट आपणच सांभाळून घेतात, त्यांना खटकी नसते. अचलपुरात संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात तेव्हा बल्ब पिवळा पडतो. अशा गावात ज्या वस्तूवर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एक क्विंटल कापसाची रॅम अवलंबून, ती फुकट का मिळते, एवढा एकच प्रश्न मी भाऊंना विचारला.

भाऊ प्रामाणिक माणूस. म्हणाले, "सर, एसएमपीएस कोनाले दिसत नाई ना."

सगळ्या खरेदीचं शास्त्र या एका वाक्यात आलं. दिसतं त्याला गिऱ्हाईक पैसे देतं. आम्ही काच सोडली, पुढून जाळी असलेलं साधं काळं कॅबिनेट घेतलं, आणि वाचले ते पैसे साडेपाचशे वॅटच्या 'ब्रॉन्झ'वाल्या एसएमपीएसवर टाकले. ब्रॉन्झ म्हणजे अर्ध्या भारावर असताना घेतलेल्या विजेपैकी सुमारे ८५ टक्के वीज पुढं पोचवणारा, बाकीची उष्णता करून उडवणारा. जाळीच्या आत धुळीची गाळणी आहे. महिन्याभरात तिच्यावर पांढरा थर आला. तो बापूरावांच्या पडवीत रचलेल्या कापसाचा. मी त्यांना दाखवला नाही, वजनात घट धरतील.

जुळणी पाहायची म्हणून मी स्टूल ओढून बसलो. मदरबोर्डवर प्रोसेसरची चौकट, तिच्यात केसाहून थोड्या जाड अशा १७०० सोनेरी पिना. भाऊंच्या दुकानातला पोरगा, वय असेल अठरा, त्यानं श्वास रोखून प्रोसेसर वर धरला, कोपऱ्यातला बारका त्रिकोण खालच्या त्रिकोणाशी जुळवला आणि नुसता सोडला, दाबला नाही. मग बाजूची तार खाली ओढली. कर्रर्र आवाज झाला. माझ्या पोटात गोळा आला, पोरगा मात्र तोंडातल्या तोंडात गाणं म्हणत होता. मग वाटाण्याएवढी पांढरी पेस्ट, तिच्यावर पंखा, रॅमच्या दोन पट्ट्या एक घर सोडून एक. सोळाची एकच पट्टी न घेता आठच्या दोन घेतल्या, कारण दोन असल्या की माल दोन्ही वाटांनी एकदम जातो. बायकोला वाटलं, एक फुकट मिळाली.

संगणक घरी आला, लागला, आणि सोनूनं कॅबिनेटला हात लावून पटकन मागं घेतला. झिणझिण्या. जुन्याच्याही यायच्या, तेव्हा तो संगणकाचा स्वभाव समजून आम्ही पायात चप्पल घालून बसायचो. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या नानांना बोलावलं. त्यांनी भिंतीतला बोर्ड उघडला. तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक नुसतं शोभेचं होतं, मागं तारच नव्हती. एसएमपीएसच्या आत विजेतली खरखर गाळायला जे कपॅसिटर असतात ते ती खरखर डब्यावरून जमिनीत सोडतात. जमीनच जोडलेली नसेल तर डबा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, लोंबकळत राहतो. करंट अगदी बारीक, माणूस मरत नाही, फक्त दचकतो.

"घर माह्या आजोबाच्या काळचं," मी म्हणालो.

"तार बी त्यायच्याच काळची हाय," नाना म्हणाले.

मग अंगणात खड्डा. त्यात पाइप, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर, वरून माती. कोळसा आणण्यापासून माती लोटण्यापर्यंत सगळ्याला बापूराव हजर. काम झाल्यावर नानांनी सूचना दिली की आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल गेली की अर्थिंग गेलं, म्हणून मार्चपासून पाइपाशी रोज बादलीभर पाणी टाकायचं. मी मामाला फोन करून सांगितलं की आमच्या संगणकालाही पाणी लागतं. आपला सल्ला मानला, असं समजून तो खूश झाला.

बायकोला मात्र साठ हजारांतला हा एकच खर्च मनापासून पटला. फ्रिजच्या दांडीचा चटका गेला, वॉशिंग मशीनचा गेला. खड्ड्याशेजारी रोज पाणी पडणारच म्हणून तिनं कढीलिंब लावला आहे.

नवरदेव आता एका दमात घोड्यावर चढतो. सोनूनं पहिलं पूर्ण लग्न एका रात्रीत बाहेर काढलं आणि ते बघायला बापूराव आले. घोडा, वरात, अक्षता, सगळं न अडकता. त्यांचं लक्ष पडद्याकडं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "रॅम आता काय भाव चालू हाय?"

मी सांगितलं. घेतली त्याहूनही वर गेली होती.

"मंग इकून टाका ना, मास्तर! असा भाव परत नाई येत."

"आणि तुमचा कापूस? पडवीत तसाच दिसतो."

"थांबतो अजून," बापूराव म्हणाले. "वाढन."