प्लॉटकरी

लग्नाच्या पंगतीत दोन अनोळखी गृहस्थ शेजारी येतात. पहिला वाढप्याला मठ्ठा नको म्हणून हात आडवा करतो, दुसऱ्याकडे वळतो आणि तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे हेसुद्धा न विचारता थेट म्हणतो, “तुमच्याकडे किती इंच?” दुसरा जराही गोंधळत नाही. “पावसाळ्यात दोन. मार्चनंतर विचारू नका.” जिलबी गार होते, नवरानवरी हात जोडून पुढे निघून जातात, आणि यांचं बोलणं केसिंग पाइपावरून मोटरीवर, मोटरीवरून व्होल्टेजवर येतं. हे दोघे प्लॉटकरी.

शेतकरी वेगळा, प्लॉटकरी वेगळा. शेतकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांच्या मागून चालत आलेलं असतं, प्लॉटकऱ्याचं फेरफाराला टाकलेलं असतं. वय पंचावन्नच्या पुढे. बँकेतून, विमा कंपनीतून नाहीतर पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यातून निवृत्त. मुलगा न्यू जर्सीत. राहायला कोथरूड, प्लॉट मुळशीत. (राहायला डोंबिवली असेल तर प्लॉट मुरबाडकडे, बाकी तपशील तोच.) नळ सोडला की पाणी, बटण दाबलं की दिवा आणि फ्लश ओढला की विषय संपला, या तीन गोष्टी धरून त्याचं आयुष्य गेलेलं असतं. त्यात जरा खंड पडला की “महापालिका झोपा काढते का?” असं तो तीस वर्षं विचारत आला. प्लॉट घेतल्या दिवसापासून महापालिका तोच. पाणीपुरवठा तोच, विद्युत विभाग तोच, मलनिःसारणही तोच. तक्रार करणारा नागरिक मात्र घरातलाच असतो, आणि तो नागरिक म्हणजे काकू.

या सगळ्याची सुरुवात दलालाच्या उजव्या हातापासून होते. तो हात लांब करून म्हणतो, “तो पोल दिसतोय ना काका? लाइट आलीच म्हणून समजा. आणि पाण्याचं काय घेऊन बसलात, समोर धरणच आहे!” काकांना पोल दिसतो, धरण दिसतं, पलीकडे डोंगर दिसतो आणि डोंगरावर टेकलेला ढग दिसतो. एवढं दिसल्यावर इसार द्यायला कितीसा वेळ लागतो? पोल आणि प्लॉट यांच्यामध्ये तिघांची भातखाचरं आहेत आणि त्या तिघांचं आपसात बोलणं नाही, हे हाताच्या दिशेवरून कळत नाही. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला १९४८च्या कुळकायद्याची आडकाठी आहे, म्हणून तुकडा एन.ए. झालेला पाहिजे. एन.ए. हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, तो इथे सोडून देऊ.

पहिलं काम बोअर. प्लॉटकरी विज्ञाननिष्ठ असतो, त्यामुळे तो आधी भूगर्भतज्ज्ञ बोलावतो. तज्ज्ञ जमिनीत चार सळ्या ठोकतो, वायरी जोडतो, यंत्रावरचे आकडे वहीत उतरवतो आणि ईशान्य कोपऱ्यात चुन्याची फुली मारतो. संध्याकाळी, “गावातल्या लोकांना बरं वाटावं म्हणून”, पाणाड्या येतो. चपला बांधावर काढून, तळहातावर आडवा नारळ घेऊन तो सगळा प्लॉट फिरतो. नारळ उभा राहतो नैर्ऋत्येला. प्लॉटकरी हे सगळं मोबाइलवर टिपत असतो, गंमत म्हणून. मग हळूच पुढे होतो, “मी धरून बघू का?” त्याच्या हातावर नारळ आडवाच राहतो आणि विज्ञाननिष्ठ असूनही त्याला मनातून वाईट वाटतं. तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवरचे संस्कृतचा नाद असलेले सद्गृहस्थ येऊन वराहमिहिराचा दाखला देतात. भूजलाची लक्षणं बृहत्संहितेत दिलेली आहेत, वारूळ शोधा! वारूळ सापडतंही, पण ते बांधाच्या पलीकडे, दुसऱ्याच्या हद्दीत. शेवटी भोक पडतं ते या तिन्ही जागा सोडून चौथ्याच ठिकाणी, कारण बोअरची गाडी तेवढ्यापर्यंतच जाते.

गाडी येते रात्री. अशा पुष्कळ गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या असतात. पोरं आपसात तमिळ बोलतात, एजंट मराठी बोलतो आणि मशीन सुरू झाल्यावर कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे भाषेचा प्रश्न उरत नाही. भाव फुटावर, आणि खोली वाढली की फुटाचा दरही वाढतो. वरचा मुरूम लवकर संपतो, तिथपर्यंत केसिंग उतरतं, मग काळा पाषाण सुरू होतो. दख्खनचा हा बसाल्ट म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. खडक स्वतः पाणी धरून ठेवत नाही. पाणी असतं ते भेगांमध्ये, सांध्यांमध्ये आणि दोन थरांच्या मधल्या झिजलेल्या पट्ट्यात. भेग गाठली तर पाणी, हातभर बाजूने गेलात तर धूळ. प्लॉटकऱ्याला हे सगळं मुखोद्गत असतं, पण दोनशे फुटांनंतरही करडी पूडच उडत असताना मुखोद्गत ज्ञानाचा काडीचा उपयोग नसतो. ऑपरेटर एजंटाकडे बघतो, एजंट काकांकडे बघतो. “काय करायचं काका? बंद करू, का अजून दोन रॉड टाकू?”

या प्रश्नाला उत्तर नसतं. थांबावं तर आतापर्यंतचे पैसे पाण्यात गेले, तेही पाणी न लागता. पुढे जावं तर दर चढतोय. २००९च्या भूजल कायद्यात साठ मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर बंधनं आहेत, हेही त्याने वाचलेलं असतं. पण रात्री एक वाजता भुवयांपर्यंत पांढरा झालेला माणूस मीटरमध्ये विचार करत नाही. “टाका!” तो ओरडतो. आणि दुसऱ्या रॉडला पूड ओली येते. मग चिखल येतो. मग एकदम करड्या पाण्याचा फवारा उसळतो आणि काका बुटासकट त्याखाली उभे राहतात. ओंजळीत घेऊन चव बघतात. दाताखाली वाळू करकरते, तरी म्हणतात, “गोड आहे!” तिथूनच घरी फोन जातो, “अगं, दीड इंच लागलं!” पलीकडून काकू विचारतात, “वाजले किती?”

ही रात्र प्लॉटकऱ्याच्या आयुष्यातली सर्वांत उंच जागा. मुलाच्या लग्नाचे फोटो तो दाखवील न दाखवील, हा फवारा दाखवल्याशिवाय राहणार नाही. पुढे मे महिन्यात मोटर हवा ओढायला लागते, तेव्हा राखणीला असलेले मामा बोअरच्या तोंडाशी कान लावून सांगतात, “पाणी हाय ओ सायेब, पर खाली ग्येलंय. जूनला यील वर.” मग टँकर येतो. टँकरच्या पाण्यावर काकांची लॉन जगते. ग्रामीण भागात नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं, असं जलजीवन मिशनचं उद्दिष्ट आहे. काकांची हिरवळ एवढ्यावर भागवून घेणारी नव्हे. मामांची बायको त्याच वेळी डोक्यावर हंडा घेऊन त्या हिरवळीला वळसा घालून जाते. या मुद्द्यावर मात्र माझं काकांशी जमत नाही.

विजेची कथा पोलापासून. जो पोल दिसला होता तो दुसऱ्याच लाइनचा निघतो. अर्ज, कोटेशन, टेस्ट रिपोर्ट, मग मध्ये आणखी पोल. पहिल्या शेतवाल्याला पोल बांधावर चालेल पण खाचरात नको, दुसऱ्याला खाचरात चालेल पण बांधावर नको, आणि तिसरा पहिल्या दोघांनी होकार दिला एवढ्याच कारणासाठी नाही म्हणतो. यातून मार्ग काढतो वायरमन. समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनाव ठाऊक नसलेला आमचा प्लॉटकरी वायरमनच्या मुलीला दहावीला गणितात किती पडले हे सांगू शकतो. दिवाळीचा फराळ पहिल्यांदा तिकडे जातो. आणि तरीही वळवाचा पहिला थेंब पडला की लाइट जाते ती जातेच. मग दोरीच्या टोकाला चेंडू बांधावा तसा प्लॉटकरी फोन कानाला लावून अंगणात गोल गोल फिरत राहतो, कारण रेंज तेवढ्या वर्तुळातच असते.

लाइट असते तेव्हा व्होल्टेज नसतं. संध्याकाळी सगळ्या वाड्यांतले दिवे लागले की मीटरचा काटा १६०वर येतो. मोटर नुसती घुमते, उचलत नाही. व्होल्टेज सुधारतं रात्री दोनला. म्हणून शहराच्या धकाधकीतून सुटून शांत झोप मिळावी यासाठी ज्याने ही जागा घेतली, तो गृहस्थ रात्री दोनचा गजर लावून टाकी भरायला उठतो. पंपाच्या खोलीच्या गच्चीवर उभा राहून चांदण्यात ते समोरचं धरणही बघतो. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, मावळ्यांच्या जमिनी तरीही पाण्याखाली गेल्या. त्या पाण्यावर भिऱ्याला १९२७पासून वीज तयार होते आणि मुंबईकडे जाते. म्हणजे समोरच्या पाण्यातला तांब्या आपला नाही आणि त्यातला वॅटही आपला नाही. काकांनी पैसे मोजलेत ते नुसत्या बघण्याचे. तेही पावसाळ्यात धुक्यामुळे दिसत नाही.

आता राहिला तिसरा विषय. हा निघाला की प्लॉटकरी आधी आवाज खाली आणतो. फ्लॅटमध्ये फ्लश ओढल्यावर ते पुढे कुठे जातं, हा प्रश्न त्याने जन्मात विचारला नव्हता. इथे गवंडी पहिल्याच दिवशी विचारतो, “सायेब, सोडायचं कुठं?” मग कागदावर नकाशा निघतो. शोषखड्डा बोअरपासून निदान पन्नास फूट लांब हवा. स्वतःच्या बोअरपासून लांब न्यावा तर शेजाऱ्याच्या बोअरजवळ जातो, शेजाऱ्यापासून दूर न्यावा तर ओढ्यात जातो, ओढा टाळावा तर काकूंनी योजलेल्या तुळशीवृंदावनाखाली येतो. आठ-दहा गुंठ्यांत कंपासने वर्तुळं काढत बसलेला हा माणूस अकरावीच्या भूमितीत नापास होता होता वाचलेला असतो.

शेवटी सेप्टिक टँक होतो, पुढे शोषखड्डा होतो. खड्ड्याने शोषायचं, एवढंच त्याचं काम. पण खाली तोच काळा पाषाण. पाणी शोधताना जो फुटत नव्हता तो आता पाणी घेत नाही. आषाढात तर सगळी जमीनच तुडुंब होते, खड्डा आतून नव्हे, बाहेरून भरतो, आणि पाहुणे आलेले असताना फ्लश ओढला की पाणी खाली जाण्याऐवजी वर बघायला येतं. काका छत्री आणि बांबू घेऊन मागच्या बाजूला पळतात. पंपाच्या खोलीत बसलेले पाहुणे “काही मदत हवी का?” असं विचारतात, पण उठत कुणी नाही.

यातून काकांचा अभ्यास वाढतो. टाकीत जिवाणू काम करतात, ते मरता कामा नयेत, हे कळल्यापासून संडासातून ॲसिड हद्दपार. दारावर सूचना, फिनेल वापरू नये. टाकी सुरू करताना मामांकडून पाटीभर शेण आणून सोडलेलं असतं आणि आपल्या जिवाणूंची चौकशी ते नातवंडांइतक्याच मायेने करतात. मग त्यांना देहूचे डॉ. मापुसकर सापडतात. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून देहूला गेलेल्या या माणसाने गाव हागणदारीमुक्त करण्याचा ध्यास घेतला, संडासाला जोडलेले गोबरगॅससारखे संच घरोघरी उभे केले, आणि त्यांच्या पश्चात २०१७ला त्यांना पद्मश्री मिळाली. काका भारावून जातात. आपल्याकडेही संडासावरचा गॅस करायचा! हिशोब मांडतात. माणसं दोन, मुक्काम आठवड्याला दीड दिवस. एवढ्या भांडवलावर चहाचं आधणसुद्धा येणार नाही, हे कळल्यावर ते खरोखर खंतावतात. पुढचा महिनाभर येईल त्याला राहायचा आग्रह करतात. कारण सांगत नाहीत.

घर? ते अजून नकाशात आहे. प्लॉटवर उभी आहेत ती एक पंपाची खोली आणि एक संडास. सगळं बजेट जमिनीच्या खाली गेलं. पण एक फरक पडलाय. कोथरूडला पाणी गेलं की काका पूर्वीसारखे खवळत नाहीत. सोसायटीच्या सभेत “व्हॉल्व्हमन रात्री किती वाजता उठतो माहितेय का?” असं विचारून सगळ्यांना गप्प करतात. रस्त्यात चेंबर साफ करणारी माणसं दिसली की स्कूटर थांबवून खोली विचारतात. नुसतं कुतूहल म्हणून नव्हे. उतार किती दिलाय, हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं.

तुमच्याही मनात गुंठ्यांचा विचार घोळत असेल तर काकांचा सल्ला जसाच्या तसा पोचवतो. पाणी बघायला मे महिन्यात जा. निचरा बघायला जुलैत जा. व्होल्टेज बघायला संध्याकाळी साडेसातला जा आणि जाताना खिशात टेस्टर ठेवा. दलाल तुम्हाला ऑक्टोबरात, सकाळी अकराला नेईल. त्याला हो म्हणा आणि जाऊ नका.