धर्मराज्याच्या नियोजित कारभाऱ्यांस

मुक्काम पुणे

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

राज्यकारभार शास्त्रातल्या अक्षरन् अक्षराप्रमाणे चालावा, हे आपले मत सारसबागेच्या बाकांवर आणि लग्नाच्या पंगतींत आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. आम्ही आपल्याच बाजूचे. फक्त अंमलबजावणीच्या दोन-चार बाबी आधी मिटवून घ्याव्यात, मागाहून बोभाटा नको.

पहिली बाब कर्जाची. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचा दर दिला आहे: दरमहा शेकडा ब्राह्मणाकडून २, क्षत्रियाकडून ३, वैश्याकडून ४, शूद्राकडून ५. म्हणजे वर्षाला २४ ते ६० टक्के. या दराने पर्सनल लोनचा हप्ता किती बसतो, ते एकदा बँकेत बसून काढावे. ज्यांना सवलतीचा दर आहे, त्यांचेही डोळे पांढरे होतील. बँकेला जातीचा दाखला लागेल तो वेगळाच.

दुसरी, परदेशी गेलेल्या चिरंजीवांची. नावेतून समुद्र ओलांडलेल्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरही जवळ करू नये, असे कलिवर्ज्यात, म्हणजे कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या गोष्टींच्या यादीत, आहे. मात्र शब्द नावेचा आहे, विमानाचा नाही. तेवढ्यावर ते सुटतील. अक्षराला चिकटण्याचे असे फायदेही असतात.

आता जरा गंभीर. हा प्रयोग आपल्या गावात होऊन गेला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याबद्दल त्यांचे काका राघोबादादा यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. वचन स्पष्ट, सांगणारा निःस्पृह, आणखी काय हवे? दादासाहेब पेशवे झाले आणि शास्त्रीबोवा पुणे सोडून गेले.

१८९१ साली मात्र याच पुण्यात पोथीला केवढी धार चढली! बंगालमध्ये फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या अंगसंगाने मेली होती. सरकार मुलीचे संमतिवय १० वरून १२ करू पाहत होते. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे टिळक म्हणत. त्यात निदान राजकारण तरी होते. पण गर्भाधानाची वचनेही निघाली: पहिल्या ऋतूनंतर उशीर केला तर पाप. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्रातूनच कायद्याला आधार काढून दाखवला. दोन्हीकडे व्यासंगी माणसे, दोन्हीकडे संस्कृत. दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे शरीर कोणत्या सूत्रात बसते, यावर खल चालला होता आणि ती मुलगी माजघरात होती. तिला विचारावे, असे कुठल्या टीकाकाराने लिहून ठेवले नसावे. कायदा अखेर झाला, तो कलकत्त्यात.

तेच शास्त्र वाड्यात ऐकले गेले नाही आणि माजघरात मात्र अक्षरशः लागू करायचे होते, एवढे आमच्या लक्षात आले. त्यामुळे ग्रंथ कोणता, हे आपण सावकाश ठरवा. तो वाचायला कोण बसणार, ते आधी सांगा. निवडणूक घ्यावी तर पोथीत ती नाही. नेमणूक करावी तर नेमणारा कोण? आणि निकाल एखाद्या दादासाहेबावर उलटला तर वाचणाऱ्याने गावी जायचे, की त्याची काही सोय असेल?

वाचकांची यादी तयार असेल, आणि ती असणारच, तर तीत आपले स्वतःचे नाव कितवे आहे, तेवढे उलट टपाली कळवावे.

लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक करदाता