अस्तराचा ब्लाउज घरी शिवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

ही मार्गदर्शिका शिवणाचा छंद लागलेल्यांसाठी आणि लागण्याची लक्षणं दिसू लागलेल्यांसाठी आहे. कुटुंबीयांनीही ती वाचावी. पुढचे काही आठवडे जेवणाच्या टेबलावर जेवण का नसेल, याचा त्यांना उलगडा होईल.

साहित्य : साडीबरोबर आलेला ८० सेंटीमीटरचा ब्लाउज पीस, सुती अस्तर, ६० इंची टेप, खडू, कात्री, टाचण्या, उसवणी, शिवणयंत्र आणि कार्यक्रमाच्या दिवशी ऐनवेळी घालायला दुसरा तयार ब्लाउज.

१. अस्तराचा रंग जुळवा. मॅचिंग सेंटरच्या ट्यूबलाइटखाली सगळेच मोरपंखी एक दिसतात. अनुभवी दुकानदार गठ्ठा काखेत मारून तुमच्यासह फुटपाथवर उन्हात येतो. तिथे त्या रंगाच्या सात छटा निघतात. आठवी तुमच्या साडीची असते.

२. अस्तर भिजवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून ते रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतावं. ही पायरी सगळे गाळतात, तुम्हीही गाळाल. मग पहिल्या धुण्यानंतर ब्लाउज आतून आखडतो आणि बाहेरून फुगतो. सध्या अशीच फॅशन आहे, हे ठामपणे सांगण्याचा सराव आत्तापासून करावा.

३. कात्री लपवा. कागद कापला की कापडाच्या कात्रीची धार जाते. घरच्यांच्या लेखी मात्र ती कुरिअरच्या खोक्यापासून दुधाच्या पिशवीपर्यंत सगळ्यांसाठी असते. तिची जागा कुणालाही सांगू नये. पुढे ती जागा तुम्हालाही आठवेनाशी झाली, की बंदोबस्त चोख झाला असं समजावं.

४. मापं घ्या. स्वतःची मापं स्वतः घेता येत नाहीत. हात वर केला की छाती बदलते, खाली केला की टेप निसटते. दुसऱ्याला घ्यायला सांगावं, तर तो आकडे मोठ्याने वाचतो. त्यापेक्षा नीट बसणाऱ्या जुन्या ब्लाउजवरून माप घेणं बरं. तो शेवटचा नीट कधी बसला होता, तेवढं मात्र प्रामाणिकपणे आठवावं.

५. बेता आणि कापा. छातीच्या मापाचा चौथा हिस्सा, त्यात थोडा सैलपणा, त्यात शिलाईची माया. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा खोल असतो, म्हणून बाहीलाही पुढची आणि मागची बाजू असते. कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापाव्यात. एकेक कापणाऱ्याच्या पदरात दोन उजव्या बाह्या पडतात आणि ते कळेपर्यंत काठ संपलेला असतो. गळा ठरल्यापेक्षा अर्धा इंच लहान ठेवावा. लहान गळा मोठा करता येतो. मोठ्या झालेल्या गळ्यावर पदर हाच इलाज.

६. यंत्राशी जमवून घ्या. टोकाजवळ भोक असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा, अशा यंत्राचं पेटंट एलियास हाऊ यांनी १८४६ मध्ये घेतलं. आयझॅक सिंगर यांनी आपल्या यंत्राचं घेतलं १८५१ मध्ये. तेव्हापासून चांगल्या टिपेची व्याख्या एकच : दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या मधोमध पडली पाहिजे. ती न पडता खालच्या बाजूला गुंता झाला, की नवशिके बॉबिनवर संशय घेतात आणि शटलपर्यंत सगळं खोलून ठेवतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. ढिलाई वर आणि गोंधळ खाली, हा कारभार कचेरीत नोकरी केलेल्यांना समजावून सांगावा लागत नाही. फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवावा. तेव्हा चकत्या उघडतात. तेल घातलं असेल तर आधी चिंधीवर टीप मारावी, नाहीतर पहिला डाग ब्लाउजच्या छातीवर पडतो.

७. उसवा. छंदाचा बराचसा वेळ या पायरीवर जातो, तेव्हा ती मन लावून शिकावी. एका बाजूने दर तीन-चार टाक्यांनंतर दोरा कापत जावं आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढावा. अख्खी टीप सरसर निघते. या आवाजाची गोडी लागली, तर काळजी करू नये, ती सगळ्यांना लागते. रात्री अकरानंतर बाही जोडू नये. जोडलीच तर सकाळी उसवणी हाताशी ठेवून चहा घ्यावा.

८. अंगात घालून पाहा. तयार कपड्यांच्या दुकानात ३६ नंबर बसला नाही, तर आपलंच अंग चुकलं असं वाटून माणूस मुकाट्याने ३८ मागतो. शिवायला लागल्यावर कळतं, की आपला एक खांदा जरा उतरता आहे, पाठीला किंचित बाक आहे, आणि यावर उपाय उपास नसून टक पाव इंच सरकवणं आहे. अंग आहे तसं राहतं, कापडाला ऐकावं लागतं. काखेत न काचणारा, दंडात न रुतणारा ब्लाउज एकदा अंगावर चढला, की मागचं सगळं माफ होतं. त्याच भरात पुढच्या कुर्त्याला मोबाइल मावेल एवढे दोन खिसे ठरतात. शिलाईचे किती पैसे वाचले, हा हिशेब मात्र मांडू नये. त्यात यंत्राची किंमत धरावी लागते.

९. समारंभात मिरवा. कुणीतरी मावशी बाहीची कड उलटून आतली शिलाई बघेलच. ‘घरी शिवला’ म्हटल्यावर ती मनापासून कौतुक करील आणि त्याच श्वासात म्हणेल, ‘मग माझ्या दोन साड्यांना तेवढा फॉल लावून दे गं.’ नाही म्हणू नये, नात्यात ते बरं दिसत नाही. साड्या घ्याव्यात, पिशवीवर मावशीचं नाव लिहावं आणि टेप गळ्यात अडकवून गंभीरपणे सांगावं, ‘दिवाळीनंतर बघू.’ हे वाक्य न अडखळता म्हणता आलं, की शिक्षण पूर्ण झालं असं समजावं.