चहा प्यायचा की ओढायचा?

आमच्या जुन्नर-आंबेगावात चहा बशीत ओतायचा आणि फुर्र करून संपवायचा, ही रीत. यंदा सुट्टीला पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, "काका, आता चहा पीत नाहीत, ओढतात!" कृती अशी: पत्ती भिजवायची, पिळायची, मध नि ग्लिसरीनमध्ये मुरवायची, हुक्क्याच्या चिलमीत भरायची आणि वर निखारा. दार्जिलिंगचा धूर म्हणे नाजूक, आसामचा भारदस्त. परसातल्या गवती चहाचं पातं त्यानं इतकं मन लावून हुंगलं, की आजी म्हणाली, "सर्दी झाली आसंल तर काढा टाकते."

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले; ठिणगी हुक्क्याच्या निखाऱ्याची, असं चौकशीत पुढं आलं. २०१८ मध्ये राज्यानं हुक्का पार्लरवर बंदी आणली. मग हुक्का रातोरात 'हर्बल' झाला. निखाऱ्याला मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही. खाली तंबाखू असो की चहा, तो कार्बन मोनॉक्साइड सोडतोच.

पुतण्याला म्हटलं, धूरच हवा ना? ये, चुलीपाशी बस. धूर फुकट, वर कपभर चहाही मिळेल.