उख्तच्यारे

उजाडायच्या आधीच्या वेळेला आपण ब्राह्ममुहूर्त म्हणतो. त्या वेळी उठून ध्यान करावं, पाठांतर करावं, असं शास्त्र सांगतं. शास्त्रकारांना सोसायटीचा मेन्टेनन्स भरायचा नसावा. मला त्या मुहूर्तावर आठवतं ते आरडीची तारीख, भिजवायचे राहिलेले छोले आणि धाकट्या जावेच्या डोहाळजेवणात मी तिला "बरीच सुटलीस गं" म्हणाले होते, ते. ज्याचे ते डोहाळे, तो आता इंजिनिअरिंगला आहे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या प्रकाराला नेमका शब्द होता. 'उख्त' म्हणजे रात्रीचा शेवटचा, उजाडण्याआधीचा भाग आणि 'च्यारु' म्हणजे काळजी, दुःख. दोन्ही मिळून 'उख्तच्यारे': पहाटे जिवाला लागणारा घोर. या च्यारूचंच पुढे 'केअर' झालं. हल्ली ते कस्टमर केअरमध्ये भेटतं. तिथेही झोप उडतेच.

जुन्या इंग्रजीचं जेवढं साहित्य उरलं आहे, त्यात हा शब्द फक्त एकदा सापडतो. काळजी घराघरात, शब्द मात्र एका बाईपुरता! 'द वाइफ्स लॅमेंट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवितेतली ही बाई. नवरा समुद्रापार निघून गेलेला, त्याच्या नातेवाइकांनी दोघांत बिब्बा घातलेला (सासर कुठलंही असो), आणि हिला राहायला ओकच्या झाडाखालचं भुयार. नवरा कुठे असेल या घोराने ती पहाटे जागी. तिचा नवरा जवळ नाही म्हणून तिला झोप नाही, माझा जवळ आहे म्हणून मला. आमच्याकडे कामाची वाटणी स्वच्छ आहे: घोर मला, घोरणं ह्यांना.

कविता टिकली ती 'एक्सेटर बुक' या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितामुळे. लिओफ्रिक नावाच्या बिशपने ते एक्सेटरच्या कॅथीड्रलला दिलं. हा बिशप 1072 मध्ये वारला. पुढे त्या ग्रंथाचे हाल झाले. सुरुवातीच्या पानावर सुरीचे वण आहेत, पेल्याच्या बुडाचा गोल डागही आहे, आणि शेवटची पानं जळलेली. म्हणजे इंग्रजी काव्याच्या या ठेव्यावर कुणीतरी खुशाल चिराचिरी केली. माझ्या पाककृतींच्या वहीची अवस्था यापेक्षा बरी आहे. त्याच ग्रंथात कांद्यावर एक कोडं आहे, तेही चांगलंच चावट. तेव्हा कांदा त्या पानावरच चिरला असेल, असा माझा आपला संशय.

'बेवुल्फ' या महाकाव्यातल्या ड्रॅगनचीही वेळ पहाटेचीच. 'उख्त'वरून बनलेल्या नावांनीच कवी त्याला संबोधतो: पहाटे उडणारा, पहाटे नासधूस करणारा. हे मला फार पटलं. दुपारी दोनला कुणाला ड्रॅगन दिसत नाही. तेव्हा आरडी ही नुसती आरडी असते.

मला मात्र सगळ्यांत जवळचा वाटतो तो एल्फ्रिक या पाद्र्याचा नांगऱ्या. मठातल्या पोरांना लॅटिन बोलायला शिकवण्यासाठी एल्फ्रिकने संवादाचा एक धडा लिहिला, त्यात तो भेटतो. कितीही कडक हिवाळा असो, हा गडी पहाटे बैल घेऊन बाहेर पडतो, कारण मालकाची धास्ती. रोज किमान एक एकर नांगरायचं. बैल हाकणाऱ्या पोराचा थंडीने आणि ओरडून ओरडून घसा बसलेला. नांगऱ्याला धास्तीही पहाटेच, पण अंथरुणात पडून तिचा रवंथ करायची चैन नव्हती.

मार्क फोरसिथ यांनी 2012 मध्ये 'द होरोलॉजिकॉन' या पुस्तकात 'उख्तच्यारे' हा शब्द पुन्हा चार लोकांपुढे आणला. मला तो सापडल्याचा इतका आनंद झाला, की पहाटे जाग येताच ह्यांना हलवलं.

"अहो, मला काय होतं ते कळलं. उख्तच्यारे!"

"वाघचौरे?" हे डोळे न उघडता म्हणाले. "खाली पार्किंगमध्ये थांबायला सांग त्यांना."

आणि कूस बदलून घोरू लागले.