उजव्या बॅगेची आरती

प्रति,
नवी मुंबईतील थोर फिटरमहाराज यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गणपतीला गावी निघण्याआधी आपण माझ्या मोटरसायकलला सॅडलबॅगा बसवून दिल्यात. अवघ्या बारा मिनिटांत, तेही मोबाइल खांद्याने कानाला लावून. आपले हे उपकार मी विसरेन, माझी उजवी बॅग विसरणार नाही. ती अजून सायलेन्सरला बिलगून आहे.

आपल्या मोजमापाला तर तोड नाही. बॅग रिकामी, इंजिन थंडगार, गाडी स्टँडवर. तेव्हा बॅग आणि सायलेन्सर यांच्यात चांगली चार बोटं जागा होती. मी स्वतः बोटं घालून पाहिली. कपडे भरले की बॅगेला पोट सुटतं, पट्टे सैल पडतात, खड्ड्यात ती उसळते आणि वर उचललेल्या सायलेन्सरवर येऊन टेकते, असल्या क्षुद्र गोष्टी आपल्यासारख्या कलावंताने का पाहाव्यात?

मी अडाण्यासारखं विचारलं, बॅग बाहेर रोखून धरायला लोखंडी स्टे लावायचा का? "काय होत नाय सर, बिनधास्त जा!" माझे पैसे वाचवलेत. सायलेन्सरवर उष्णतारोधक पत्रा लावू म्हटलं, तर आपण इतक्या करुणेने पाहिलंत की मीच ओशाळलो.

पट्टा अडतो म्हणून साडीगार्डही काढून हातात दिलंत. मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियम 123 म्हणतो. म्हणू दे. नियम लिहिणाऱ्यांनी आपलं दुकान कुठे पाहिलंय! इंडिकेटरही बॅगेआड गेले. मी कुठे वळतो याची पंचाईत मागच्यांना हवीच कशाला?

पळस्प्याला गोवा महामार्गाला लागलो. 2011 पासून रुंद होत असलेला हा रस्ता. बॅगेला उसळण्याचा सराव भरपूर मिळाला. कर्नाळ्याच्या पुढे जळकट वास आला. कुणी तरी प्लास्टिक जाळतंय, असं म्हणून मी नाक मुरडलं. काय हे लोक! पेणपर्यंत मी त्या अज्ञात माणसाला शिव्या देत होतो. क्षमा असावी, तो मीच होतो.

बॅग नायलॉनची. काही नायलॉन 220 अंशांच्या आसपास वितळतं, आणि तापलेल्या सायलेन्सरला तिथवर पोचायला कष्ट पडत नाहीत. तळाला वाटीएवढं भोक. आत वडिलांचं सोवळं, टॉवेल आणि पूजेचा पाव किलो कापूर. कापूर, महाराज! ज्योत लागली नाही ही बाप्पाची कृपा. आपल्या बाजूने कसूर नव्हती. कापराची नुसतीच वाफ झाली. ज्या पेणहून घरोघरी गणपती जातात, तिथे भर रस्त्यात मी एकटा धुपारत करत उभा! सोवळ्याला मधोमध खिडकी पडली. वडील ते नेसले नाहीत, पण आल्यागेल्याला आवर्जून दाखवत होते.

परत येऊन आपल्याला भेटलो. आपण बोट लावून पाहिलंत आणि म्हणालात, "सर, तुम्ही सामान जास्त भरलं." खरंय. बॅगेत सामान भरायचं नसतं, हे मला घरच्यांनी शिकवायला हवं होतं.

कळावे, लोभ असावा. तो आहेच, पावतीवर दिसतो.

आपला कृपाभिलाषी,
एक गिऱ्हाईक, नेरूळ

ता. क. डावी बॅग अजून कोरी करकरीत आहे. त्या बाजूलाही एक सायलेन्सर बसवून मिळेल का?